सही मी केली. मी घाई केली का?

पत्र

आमचा बंड्या, लॅब्रॅडॉर, अकरा वर्षांचा. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी उठला, दोन पावलं चालला आणि खाली बसला तो उठेचना. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पाणथरीवरची (प्लीहेवरची) गाठ फुटून पोटात रक्तस्राव झाला होता, यकृतावरही गाठी दिसत होत्या. ऑपरेशन केलं तर टेबलावरच जाऊ शकतो, वाचला तरी थोडेच आठवडे मिळतील, असं ते म्हणाले. नवरा बाहेरगावी होता, त्याचा फोन लागेना. कागदावर सही मी केली. इंजेक्शन देताना बंड्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे उघडेच राहिले, आणि सगळं संपलं असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याने एक मोठा श्वास घेतला. तो श्वास माझ्या कानातून जात नाही. त्याआधी तीन आठवड्यांपूर्वी तो एक दिवस मलूल होता. दुसऱ्या दिवशी ठणठणीत झाला, म्हणून मी दाखवायला नेलं नाही. तेव्हा नेलं असतं तर?

सात वर्षांच्या लेकीला आम्ही 'डॉक्टरांनी बंड्याला झोपवलं' असं सांगितलं. आता ती रात्री उठून आजोबांना हलवून जागं करते. माझे सासरे बंड्याला रोज सकाळ-संध्याकाळ फिरवायचे. ते आता घराबाहेरच पडत नाहीत, पाय दुखतात म्हणतात. नवरा म्हणतो, येत्या रविवारी नवीन पिल्लू आणू. ऑफिसात एकजण म्हणाली, 'कुत्राच होता ना गं, किती मनाला लावून घेशील!' मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. रात्री फरशीवर त्याच्या नखांचा टकटक आवाज येतो. मला वेड लागतंय का?

उत्तर

ताई,

वेड लागत नाहीये. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं जरा निवांत वाचाल.

त्या श्वासापासून सुरुवात करू, कारण पत्रात सगळ्यात खोल रुतलेलं तेच आहे. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पेंटोबार्बिटल हे औषध देतात. ते भुलीच्या औषधांच्याच कुळातलं, फक्त मात्रा खूप जास्त असते. शिरेतून आत गेलं की काही सेकंदांत आधी शुद्ध जाते. दुखणं, भीती, आवाज, स्पर्श हे सगळं कळणारा मेंदूचा भाग पहिल्यांदा बंद होतो. मग श्वास थांबतो आणि हृदय सगळ्यात शेवटी. त्यानंतरही कधी कधी छाती एकदा-दोनदा जोरात हलते, पाय थरथरतात, लघवी होते. मेंदूच्या तळाकडच्या केंद्रांतून आणि स्नायूंतून आपसूक होणाऱ्या त्या हालचाली असतात. त्या श्वासाच्या वेळी बंड्याला काहीही होत नव्हतं, तो त्याच्या आधीच गेला होता. डोळ्यांचंही तसंच. पापण्या मिटायला स्नायूंना काम करावं लागतं, म्हणून प्राण्यांचे डोळे शेवटी उघडे राहतात. तो तुमच्याकडे 'असं का केलंस' म्हणून बघत नव्हता. त्याला शेवटचं जे काही कळलं असेल, ते तुमच्या मांडीची ऊब आणि तुमचा आवाज.

डॉक्टर हे बहुधा आधी सांगतात, पण त्या घटकेला सांगितलेलं डोक्यात शिरत नाही. ज्यांच्या घरी म्हातारा कुत्रा किंवा मांजर आहे, त्यांनी हे आत्ताच वाचून ठेवावं.

आता 'तेव्हा नेलं असतं तर'. इथे मी तुम्हाला 'काहीच फरक पडला नसता' असं सांगून गप्प करणार नाही. तुम्ही ते ऐकणारही नाही. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या अंगाच्या, उतारवयातल्या कुत्र्यांमध्ये पाणथरीत एक कर्करोग होतो, हीमॅन्जिओसार्कोमा. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून तो वाढतो. बंड्याची गाठ तीच होती असं तपासणीशिवाय ठामपणे म्हणता येणार नाही, पण यकृतावरच्या गाठींसकट तुम्ही जे वर्णन केलंय ते त्याच्याशी जुळतं. या रोगाचा कावा असा, की गाठ फुटेपर्यंत कुत्रा खातो, पितो, शेपटी हलवतो. मध्येच कधी थोडा रक्तस्राव होतो, कुत्रा दिवसभर मलूल पडतो, मग रक्त आपोआप थांबतं, शरीर ते शोषून घेतं आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात उभा. तुम्ही पाहिलात तो दिवस बहुधा असाच होता. त्या दिवशी सोनोग्राफी झाली असती तर गाठ दिसलीही असती. आणि मग? मग अकराव्या वर्षी पोट उघडून पाणथरी काढायची. नुसत्या ऑपरेशनवर या रोगातले कुत्रे साधारण एक ते तीन महिने जगतात. केमोथेरपी जोडली तर बहुतेकदा चार ते सहा महिने. रोग यकृतात उतरला असेल तर त्याहून कमी. म्हणजे तुम्ही नेलं असतं, तर कदाचित थोडे आठवडे जास्त मिळाले असते, टाके, औषधं आणि दवाखान्याच्या फेऱ्यांसकट. कदाचित तेही नसते. हिशेब एवढाच आहे. एका दिवसाच्या मलूलपणावरून कुणीही हे ओळखलं नसतं. तो ठणठणीत दिसला, तुम्ही निर्धास्त झालात. कुत्र्यावर जीव असलेलं कुठलंही माणूस तेच करतं.

सहीचंही याच प्रकाशात बघा. तुमच्यापुढे जगवायचं की मारायचं असा प्रश्न नव्हताच. पोटात रक्त साचत, धापा टाकत काही तासांत जाणं, किंवा भूल चढून जाणं, एवढंच तुमच्या हातात उरलं होतं. नवऱ्याचा फोन लागेपर्यंत थांबला असता, तर ते थांबणं बंड्याच्या अंगावर गेलं असतं. तुम्ही ते स्वतःच्या अंगावर घेतलंत. ही घाई नव्हे.

तरीही 'मीच' हा शब्द सुटत नाही, हे मला माहीत आहे. दोष आपला असला तर निदान घडलेल्याला काही कारण तरी मिळतं. अचानक, विनाकारण, एका सकाळी सगळं संपलं हे मान्य करणं त्याहून अवघड असतं. म्हणून मन पुन्हा पुन्हा त्या मलूल दिवसापाशी जाऊन बसतं. जाऊ दे त्याला, रोखू नका. फक्त तिथे गेलं, की वरचा हिशेबही त्याच्या शेजारी ठेवा.

(ज्यांच्या घरी दुखणं हळूहळू चाललंय, त्यांच्यासाठी थोडं. 'वेळ झाली' हे कसं ओळखायचं, यासाठी अॅलिस व्हिलालोबोस या पशुवैद्य बाईंनी 2004 साली एक साधी पद्धत सुचवली. दुखणं आटोक्यात आहे का, खातो का, पाणी पितो का, स्वच्छ राहू शकतो का, कशात आनंद घेतो का, हिंडता-फिरता येतं का, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना गुण द्यायचे. मी म्हणेन, ते रोज रात्री कॅलेंडरवर मांडा आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून मांडा. म्हणजे शेवटी सही करणारा हात एकाचा असला, तरी निर्णय एकट्याचा राहत नाही.)

ताई, तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा मला सगळ्यात जास्त खुपलं ते वेगळंच. त्या घरात चार माणसं आहेत आणि चौघंही एकमेकांपासून लपून रडतायत. तुम्ही नळ सोडता. सासरे पायांचं नाव सांगतात. नवरा पिल्लाचं बोलतो. लेक अंधारात उठून आजोबा जिवंत आहेत ना हे तपासते. प्रत्येकाला वाटतंय, आपण बोललो तर दुसऱ्याला त्रास होईल. माझं सांगणं एकच आहे, ही लपाछपी थांबवा. दुःख त्याने कमी होईल असं मी म्हणत नाही. पण ते प्रत्येकाला एकट्याने ओढावं लागणार नाही.

पहिली लेक, आणि शक्यतो आजच. 'झोपवलं' हा शब्द तुम्ही मायेपोटी वापरलात, पण तिने तो जसाच्या तसा घेतला. बंड्या झोपला आणि परत आला नाही. आजोबाही रोज झोपतात. मग ती उठून बघणार नाही तर काय करणार? साधारण पाचव्या वर्षापर्यंत मुलांना मरण म्हणजे परत येण्याजोगं जाणं वाटतं. पाच ते सातच्या सुमारास त्यांना हळूहळू उमगायला लागतं, की मेलेलं परत येत नाही, त्याचं शरीर काही करत नाही, आणि हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. तुमची लेक नेमकी त्या उंबरठ्यावर आहे आणि तिला खऱ्या शब्दांची गरज आहे. असं काहीतरी सांगा: 'बंड्या मेला. त्याच्या पोटात खूप मोठा आजार झाला होता. डॉक्टरांना तो बरा करता येत नव्हता. त्याला दुखू नये म्हणून त्यांनी औषध दिलं, आणि त्याचं शरीर बंद पडलं. आता त्याला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही. तो परत येणार नाही. आम्ही झोपवलं म्हटलं ते बरोबर नव्हतं. झोपलेली माणसं उठतात.' हे शेवटचं वाक्य विसरू नका, तिच्यासाठी तेच सगळ्यात मोलाचं आहे.

तिने न विचारताही आणखी एक सांगा, की यात तिची काही चूक नव्हती. या वयात मुलांना वाटतं, आपण त्याच्यावर ओरडलो, त्याची शेपटी ओढली, म्हणून तो गेला. तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. ती तोच प्रश्न उद्या पुन्हा विचारेल, परवाही विचारेल. तेच उत्तर, त्याच शब्दांत द्या. सांगताना तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या. आई रडते, डोळे पुसते आणि मग डबा भरते, हे मुलांनी बघावं असं मला मनापासून वाटतं. आणि आजोबांना सांगून ठेवा, तिने रात्री हलवलं तर रागावू नका, 'मी आहे गं' म्हणा आणि झोपवा. काही दिवसांत ती येणं थांबवेल.

मग नवरा. त्याच्यावर चिडू नका. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या अभ्यासकांनी 1999 साली मांडलेला एक विचार मला फार पटतो. शोकातलं माणूस एका जागी थांबत नाही, ते दोन बाजूंना हेलकावे खातं. कधी गेलेल्याकडे, कधी पुढच्या जगण्याकडे. दोन्हीची गरज असते. अवघड एवढंच होतं, की एकाच घरातली दोन माणसं एकाच वेळी दोन टोकांना असतात. तुम्ही बंड्यापाशी आहात, तो पिल्लापाशी. तुम्हाला वाटतं त्याला काही वाटलंच नाही, त्याला वाटतं तुम्ही कधी सावरणारच नाही.

त्यात त्याने शेवट बघितलेलाच नाही. तो बाहेरगावी निघाला तेव्हा कुत्रा घरी होता, परत आला तर नव्हता. तुमच्याजवळ तो श्वास आहे, नको असलेला का होईना. त्याच्याजवळ नुसता न लागलेला फोन आहे. एका रात्री लेक झोपल्यावर त्याला दवाखान्यातली ती वेळ सगळी सांगा, मध्ये काही न गाळता. हिरड्या, सोनोग्राफी, डॉक्टरांचे शब्द, सही, मांडी, श्वास. तो कदाचित म्हणेल, 'मला विचारायला हवं होतंस.' मला वाटतं, नळ सोडण्यामागे याच वाक्याची भीती आहे. तो म्हणालाच, तर बचाव करू नका. 'फोन लावत होते रे, आणि तू हवा होतास' एवढं पुरे. खरं तेच आहे.

सासऱ्यांच्या बाबतीत तुम्ही 'पाय दुखतात' हे लिहिलंत, पण बहुतेक तुमच्याही लक्षात आलंय, की त्यांचं सगळ्यात जास्त गेलंय. दिवसातून दोनदा घराबाहेर पडायला कारण होतं, रस्त्यात थांबून चार शब्द बोलणारी माणसं होती, कुणीतरी पट्टा बघून नाचत होतं. वयस्क माणसाचा अख्खा दिवस अशा दोन फेऱ्यांवर उभा असतो. त्यांना 'बाबा, मन मोकळं करा' म्हणून काही होणार नाही. संध्याकाळी त्याच वेळेला तुमच्यापैकी एकाने चपला घालून 'चला बाबा, मला सोबत हवीय' म्हणायचं. पहिले काही दिवस रस्ता वेगळा घ्या, कारण ओळखीचं कुणीतरी भेटतं आणि विचारतं, 'आज एकटेच?' तो प्रश्न त्यांना एकट्याने झेलायला लावू नका. चालता चालता बंड्या पिल्लू असतानाचं काहीतरी विचारा, त्याने पहिल्यांदा काय कुरतडलं, पहिल्या रात्री कोण जागलं. बोलतील. आणि ते पाय डॉक्टरांना दाखवा. खरंच दुखत असतील.

ऑफिसातल्या बाईंचं काय करायचं? फार काही नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने 1989 साली अशा शोकाबद्दल सविस्तर लिहिलं, जो उघडपणे करायला समाज परवानगीच देत नाही. ना रजा मिळते, ना भेटायला कुणी येतं, आणि रडलं की माणूस ओशाळतं. पाळलेल्या जनावराचा शोक यातच मोडतो. दुःख छोटं असतं म्हणून नव्हे, त्याला उभं राहायला जागा नसते म्हणून ते आतल्या आत कुजतं.

आणि 'कुत्राच होता ना' हे म्हणणं माणसाच्या इतिहासाला धरूनही नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे 1914 साली दगडखाणीत काम करणाऱ्यांना सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचं दफन सापडलं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक कुत्र्याचं पिल्लू होतं, जेमतेम सात महिन्यांचं. 2018 साली त्याच्या दातांचा नव्याने अभ्यास झाला. त्यावरून संशोधक म्हणतात, की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा गंभीर विषाणूजन्य आजार झाला होता, आणि तो होऊनही ते कित्येक आठवडे जगलं होतं. कुणीतरी उबेत ठेवल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय, घाण पुसल्याशिवाय हे शक्य नव्हतं. शिकारीला किंवा राखणीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, तरी केलं. त्या बाईंना हे ऐकवायला जाऊ नका. 'हो, आमचा अकरा वर्षांचा कुत्रा होता, मला त्रास होतोय' एवढं सरळ आवाजात म्हणा आणि कामाला लागा. बघा, दुपारपर्यंत दुसरं कुणीतरी हळूच येऊन आपल्या मांजराचं सांगेल.

नखांचा आवाज. वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरांनी जोडीदार गमावलेल्या 293 जणांना विचारलं होतं. त्यांचा अभ्यास 1971 साली छापून आला. जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेलं माणूस आसपास असल्याचं कधी ना कधी जाणवलं होतं. कुणाला दिसलं, कुणाला ऐकू आलं. बऱ्याच जणांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं तुमचा कान त्या टकटकीसाठी रात्री अर्धा जागा असायचा, त्याला अजून सवय सुटलेली नाही. घाबरू नका. सासऱ्यांना विचारा, त्यांनाही ऐकू येत असणार.

त्याचं अंथरूण, पट्टा, भांडं कधी उचलायचं याला नियम नाही. एकानेच गुपचूप उचलू नये, इतकंच. लेकीला काहीतरी ठेवून घ्यायचं असेल तर घेऊ द्या. (ज्यांचं पिल्लू पार्व्होने गेलं, त्यांनी मात्र हे मनावर सोडू नये. तो विषाणू घरात आणि मातीत महिनोन्महिने टिकतो, म्हणून वापरातल्या वस्तू आणि जागा यांचं काय करायचं, आणि नवीन पिल्लू कधी आणायचं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.)

पाच आठवड्यांत रडू येणं, झोप मोडणं, जेवण न जाणं यात वावगं काही नाही. पण आणखी काही महिने गेल्यावरही उठणं, काम, मुलीकडे बघणं अशक्य होत असेल तर समुपदेशकाकडे जा. 'कुत्राच तर होता' म्हणून संकोच करू नका. जगूच नये असा विचार आला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी घरात सांगायचं आणि डॉक्टर गाठायचे. तसंच तुमच्या किंवा सासऱ्यांच्या छातीत दुखलं तर 'मनाचं आहे' म्हणून घरी बसू नका. कुत्रा गेल्याच्या धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होऊन एका 61 वर्षांच्या बाईंना इस्पितळात दाखल करावं लागल्याची नोंद 2017 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आहे. त्या वेळेवर पोचल्या आणि बऱ्या झाल्या.

राहिला येता रविवार. पिल्लू आणू नका. कधीच आणू नका असं नव्हे. पण आत्ता आणलंत तर ते बंड्याच्या जागेवर येईल आणि प्रत्येक गोष्टीत कमी पडेल. तो असा शू करायचा नाही, तो असा चावायचा नाही. त्या बिचाऱ्याने काय करावं? शिवाय लेकीला वाटेल, जो जातो त्याच्या जागी दुसरा आणता येतो. नवऱ्याला म्हणा, आणू, पण चौघांनी हो म्हटल्यावर, आणि सासऱ्यांचं हो सगळ्यात शेवटी विचारायचं, कारण ते तुमच्यासाठी आधीच हो म्हणून टाकतील. तेव्हा पिल्लूच हवं का, हेही बघा. पिल्लू ओढतं, पायात येतं, रात्री उठवतं. सत्तरीच्या पायांना शांत स्वभावाचा, मोठा झालेला, कुणीतरी सोडून दिलेला कुत्रा जास्त झेपतो. आणि नाव नवीन ठेवा.